लेट आहे, रद्द नाही

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी तात्या साळवी यांनी आपल्या खळ्यातले, म्हणजे पुढच्या अंगणातले, बावीस पेव्हर ब्लॉक पहारीने उखडले. ब्लॉक बसवून महिनाच झाला होता.

तात्या आमचे शेजारी. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण आवाज अजून ड्युटीवर आहे. थंडीत ते गडग्यावर, चिऱ्यांच्या कुंपणावर, पक्ष्यांना खाणं ठेवतात आणि जो उतरेल त्याची घोषणा करतात. "बुलबुल पपईवर लागलेली आहे!" सातभाईंचा थवा आला की, "ढकलाढकली नको, मागून दुसरी सोडतोय." कावळा कायम विनातिकीट.

यातली एकच गाडी लांब पल्ल्याची. धोबी: काळापांढरा, शेपटी सतत वरखाली हलवणारा. दर वर्षी दिवाळीनंतर उत्तरेकडून यायचा, सारवलेल्या खळ्यात किडे टिपायचा आणि तांदळाच्या भाकरीचा चुरा खायचा. चुरा तात्यांच्या पत्नी, आमच्या काकी, घालायच्या. तात्या कुरकुरायचे, "मला पाव भाकरी, पाहुण्याला अख्खी!"

काकी एप्रिलात गेल्या. पावसानंतर खळं चोपणार कोण, सारवणार कोण, म्हणून मुंबईच्या मुलाने, मंगेशने, दिवाळीत ब्लॉक बसवून दिले. तात्या त्याला "झकास" म्हणाले.

धोबी आला नाही. तात्या रोज ब्लॉकांवर चुरा टाकत. विचारलं की म्हणत, "लेट आहे, रद्द नाही." नोव्हेंबर संपला तेव्हा बुलबुलाच्या घोषणाही थांबल्या होत्या.

शेवटी माझी बायको बोलली, "तात्या, तो मातीत उतरणारा. सिमेंटात त्याला किडे कुठले?"

दुसऱ्या दिवशी पहार निघाली. मंगेशचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"बाबा, ऐकतोय ते खरं? ब्लॉक का काढताय?"

"फलाट चुकला होता. पूर्ववत करतोय."

तात्यांनी माती चोपली आणि आयुष्यात पहिल्यांदा सारवायला बसले. शेण जास्त, पाणी कमी. वास तिसऱ्या घरापर्यंत.

"तात्या, हात गोल फिरवा. पोस्टर चिकटवताय काय?" बायको गडग्यावरून म्हणाली.

"तुझ्या काकीने शिकवलंन नाय गो कधी," तात्या म्हणाले. "आणि मी विचारलं पण नाय."

आठवडाभर ते रोज सकाळी सारवलेल्या तुकड्यावर चुरा टाकून दारात बसत. पुढच्या सोमवारी सात वाजता धोबी तिथे उतरला. आम्ही कान टवकारले. घोषणा झाली नाही. तात्या पाय न वाजवता मागे सरकत घरात गेले. खिडकी उघडी होती. काकींच्या फोटोसमोर उभं राहून ते अगदी हळू म्हणाले, "आलाय गो. खातोय."

धोबी सव्वासातपर्यंत खळ्यात होता.