सकाळी सहाच्या पांढऱ्या शाली

माझ्या नजरेतून काही सुटत नाही, हे आधीच सांगून ठेवते! आमच्या दाराला भिंग लावलेलं एक बारीक भोक आहे. त्याला डोळा लावला की अख्खा जिना दिसतो. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीत काय, कुणाच्या मनात काय, सगळं! नवरा म्हणतो, "सेब्ले, इथल्या वॉशिंग्टनच्या गुप्तहेरांनी तुझ्याकडे शिकवणी लावायला हवी." तो चेष्टेने म्हणतो. मी कौतुक समजते.

त्या पंधरवड्यात तर माझा डोळा भोकालाच चिकटला होता. आमची इमारत विकायला निघाली होती. समोरचं न्हाव्याचं दुकान जाऊन तिथे कुत्र्यांचे केस कापायचं दुकान आलं, तेव्हाच खरं तर आम्ही ओळखायला हवं होतं! शहराचा कायदा असा, की अर्ध्याहून जास्त भाडेकरूंनी सह्या करून संघटना केली, तर इमारत घ्यायचा पहिला हक्क त्यांचा. नाहीतर सामान बांधा. तीन सह्या कमी पडत होत्या. मुदत शुक्रवारी दुपारी बारापर्यंत.

त्या तिघांतली एक मी.

हो, मीच! इथिओपियातल्या गोंदरच्या विद्यापीठातली पदवीधर! पण मला भीती वाटत होती. यारेदचे, म्हणजे नवऱ्याचे, या देशात राहायच्या परवानगीचे कागद अजून व्हायचे होते. नाओद दीड वर्षाचा. मालक चिडला तर? म्हणून गाशे ताफेसे सहीचा कागद घेऊन आले, की मी भोकातून बघायची, नाओदच्या तोंडावर हात ठेवायची, आणि आम्ही दोघं भिंतीला भिंत होऊन उभे! गाशे ताफेसे म्हणजे साऱ्या जिन्याचे काका. टॅक्सी चालवतात. पाच वेळा आले, पाचही वेळा गुडघे धरत जिना उतरून गेले.

शुक्रवारी सकाळी सहाला दार वाजलं. मी भोकाला डोळा लावला.

गाशे ताफेसे. त्यांच्यामागे खालच्या मजल्यावरच्या एतेते वोर्कनेश, आम्हा साऱ्यांच्या थोरल्या ताई. त्यांच्यामागे चर्चमधले दोन म्हातारे. चौघांच्या अंगावर पांढऱ्या शाली. चौघांच्या माना खाली.

आमच्यात मरणाची बातमी फोनवर सांगत नाहीत. माणूस एकटं असताना तर नाहीच. वडीलधारी मंडळी जमतात, उजाडताना दारात उभी राहतात, आधी बसवतात आणि मग सांगतात. आणि तिकडे गोंदरला माझी आई तीन आठवडे अंथरुणात होती. सहा वर्षं मी तिला पाहिलं नव्हतं. नातवाला तिने फोनच्या काचेतच पाहिलेलं.

मी दार उघडलं.

"कशी आहेस पोरी?" गाशेंनी विचारलं.

"देवाची कृपा."

"झोप लागली रात्री?"

"देवाची कृपा."

"यारेद नाही घरी?"

"रात्रपाळी आहे. आठला येईल."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मग असं कर," गाशे हळूच म्हणाले, "बाळाला एतेतेंकडे दे. आणि तू बस. उभ्याने ऐकायची गोष्ट नाही ही."

आता आणखी काय सांगायचं राहिलं होतं!

"आई!" मी अशी किंचाळले, की नाओदही घाबरून रडायला लागला. गाशेंचा खिशाकडे निघालेला हात तिथेच थिजला.

"अरे देवा!" एतेतेंनी कपाळावर हात मारला. "कधी कळलं गं तुला?"

"आत्ताच!"

मग काय विचारता! एतेते वोर्कनेश रडायला बसल्या, की दगडाला पाझर फुटतो. ज्या आईला त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, तिला त्यांनी गोंदरची सिंहीण केलं, गरिबांची सावली केलं. दारं उघडली. स्टुलं आली. कॉफीची भांडी आली. समोरच्या दोन्या मारिसेला, म्हणजे एल साल्वादोरच्या मारिसेलाबाई, घेवड्याचं पातेलं आणि जपमाळ घेऊन आल्या. त्यांचीही आई अशीच, त्या इथे असताना तिकडे वारली होती. माझ्याहून त्याच जास्त रडल्या! वरच्या मजल्यावर नवाच राहायला आलेला कॉनर स्वतःच्या खिडकीतली कुंडी घेऊन आला आणि मुकाट जमिनीवर बसला. शेजारी त्याचं वासराएवढं कुत्रं. एरवी त्याला पाहून एतेते छातीवर क्रूस काढतात. त्या दिवशी त्याच्याच पाठीवर हात टेकून रडत होत्या!

आठला यारेद आला, तो उंबऱ्यातच कोसळला. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एखादं काम ताबडतोब केलं. गोंदरला आपल्या भावाला फोन लावला. "आम्हाला कळवलं का नाहीस?" भाऊ म्हणाला, "मलाच माहीत नाही!" आणि धावत सुटला.

गाशे ताफेसे सारखे घड्याळ बघत होते. मला वाटलं, बिचाऱ्यांना वेळ जाता जात नाही.

साडेदहाला माझा फोन वाजला. आईचा नंबर. यारेदने आवाज मोठा केला.

"सेब्ले! मी कधी गेले गं?"

एतेतेंच्या हातातला कप पडला.

"तुझा दीर अर्धी गल्ली घेऊन रडत आलाय! आणि मी इथे मिरच्या निवडतेय. परवापासून उठून बसतेय मी. गेले असेन तर तसं सांग बाई, म्हणजे एवढ्या माणसांचा स्वयंपाक मला करायला नको!"

मी हसले की रडले, आठवत नाही. मग गाशेंकडे वळले. "मग तुम्ही कशाला आला होतात?"

त्यांनी खिशातून चुरगळलेला कागद काढला. "सहीला."

"आणि पांढऱ्या शाली?"

"आज मरियम मातेचा दिवस. चर्चला निघालो होतो. म्हटलं, जाता जाता चौघांनी मिळून तुला बसवून समजवावं."

"बाळाला का घेतलंत?"

"मागे एतेतेंच्या घरी त्याने सह्यांची अर्धी यादी खाल्ली होती!"

"अहो, मग साडेचार तास बोलला का नाहीत?"

"मयताच्या घरात सही मागू?" गाशेंनी कानाला हात लावला. "घर गेलं तरी चालेल, पण हे नाही होणार माझ्याच्याने."

फोनमधून आई म्हणाली, "कसली सही?" मी सांगितलं.

"माझ्यासाठी रडायला किती माणसं आलीत?"

मी पाहिलं. खोलीत, स्वयंपाकघरात, दाराबाहेर. "पार जिन्यापर्यंत बसलेत, आई."

"सगळी ओळखीची?"

"काहींची तर नावंही ठाऊक नाहीत."

"मग सही कर. मी खरंच जाईन तेव्हा तुला धरायला तिथे कुणी नको का?"

मी सही केली. दोन्या मारिसेलांनी केली. कॉनरनेही केली. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आम्हाला तो मालकाचा माणूस वाटायचा! "मला वाटलं, मीच तुम्हाला नकोय," तो म्हणाला. गाशेंनी टॅक्सी अशी हाणली, की कचेरीत पोचले तेव्हा बाराला दहा मिनिटं होती.

इमारत अजून आमची झालेली नाही. पण विकलीही गेलेली नाही. आणि आता सकाळी लवकर माझ्याकडे येणारं प्रत्येक माणूस तळमजल्यावरूनच ओरडतं, "सेब्ले, कुणी मेलेलं नाही गं! मीठ हवंय!" कॉनरला आमच्या भाषेतलं तेवढं एकच वाक्य येतं. तो रोज कुत्रं फिरवून येताना माझ्या दाराशी ते म्हणून जातो!

दार मी आता पहिल्या थापेला उघडते. म्हणजे, आधी शालीचा रंग तेवढा बघून घेते.