एका बटणाला चार पेशंट

ताईच्या खुर्चीत एक पेशंट आ वासून बसला होता आणि भोवती आणखी तिघं आपापला गाल धरून उभे होते.

"मी बटण एकदाच दाबलं," ताई म्हणाली. "चौघं आले. आता दात कुणाचा काढू?"

प्रश्न धाकट्या भावाला होता. दवाखान्याचा प्रोग्रॅम त्यानेच मोठ्या हौसेनं लिहिला होता. ताईनं आत बटण दाबलं की प्रोग्रॅममधून 'पुढचा' असा इव्हेंट, म्हणजे एक हाक, सुटायचा; बाहेर काउंटरवर बसणाऱ्या काकूंच्या कॉम्प्युटरवरची विंडो तो ऐकायची आणि पुढचा नंबर पुकारायची.

"आज नीट झालं नाही, तर उद्यापासून माझी जुनी घंटाच बरी," ताईनं बजावलं.

तो बाहेर आला. "काकू, तुम्ही नेमकं काय केलंत?"

"मी काय करणार? ती विंडो मधेमधे येते, म्हणून बंद करते. लागली की उघडते. सकाळपासून तीनदा केलं असेल."

भावानं कपाळाला हात लावला. विंडो बंद झाली की तिचं ऐकणंही थांबवायचं, हे तो लिहायलाच विसरला होता. बंद केलेल्या तिन्ही विंडो आत कान टवकारून बसल्या होत्या आणि उघड्या चौथीबरोबर प्रत्येकीनं इमानेइतबारे एकेक नंबर पुकारला होता.

त्यानं तिथंच बसून दुरुस्ती केली. पाच मिनिटांत काकूंनी विंडो बंद केली, आत ताईनं बटण दाबलं, आणि आता ऐकायला कुणीच नाही म्हणून अख्खा प्रोग्रॅमच कोसळला.

"गंभीर चूक. यापुढे काहीही करता येणार नाही," ताईनं स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचलं. तोंडात कापूस धरून खुर्चीतून उठणारा पेशंट पांढराफटक पडून परत खाली बसला. हे स्क्रीनवरचं आहे, दाढेचं नाही, हे त्याला पटवण्यात ताईची दहा मिनिटं गेली.

ओशाळलेल्या भावानं आणखी एक ओळ घातली: कुणी ऐकत असेल तरच हाक मार, नाहीतर गप्प बस.

दुपारी त्यानं भीतभीतच आत डोकावून पाहिलं. ताई पेशंटच्या खुर्चीत पाय पसरून चहा पीत होती.

"बटण दाबलंस का?"

"मघाशीच. कुणी आलं नाही, प्रोग्रॅमही पडला नाही. कित्येक वर्षांनी गरम चहा मिळाला बघ."

तो धावत बाहेर आला. बाकांवर आठजण बसले होते आणि काकूंची विंडो बंद होती.

"माफ करा, तुम्हाला उगाच ताटकळत ठेवलं," म्हणत त्यानं माऊसला हात घातला.

"राहू द्या हो," पहिल्या नंबरचे गृहस्थ गाल सांभाळत म्हणाले. "आम्ही कुणी तक्रार केली का?"

उरलेल्या सातजणांनीही माना डोलावल्या.