मधमाशीचं माहेर

"खिडकी लाव गं आधी. आलं बघ त्येचं सुरू!" भिंतीपलीकडून यल्लव्वा करवादली आणि तिच्या घराची मागची खिडकी धाडकन बंद झाली. पाठोपाठ आमची, मग अक्काताईंची. सीमेच्या कन्नड बाजूला असलेल्या वडगावातल्या आमच्या गल्लीत दिवेलागण घड्याळावर ठरत नाही. मागच्या खिडक्या लागल्या की देवापुढे दिवा लावायचा, असा रिवाज पडला आहे. वास कसला, हे कुणी विचारत नाही. 'त्येचं' म्हटलं की पुरतं.

यंदा यल्लव्वाची कुरकुर वाढली होती, कारण लेक स्वरूपा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या पोटात कळा येत होत्या, तोंडाची चव गेली होती. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि विचारलं, "घराजवळ धातूबितूचं काही काम चालतं का?"

"न्हाय जी," यल्लव्वा म्हणाली होती. तिचा नवरा परसू गल्लीमागच्या शेडमध्ये कामाला होता.

त्या शेडवर 'शेतीची अवजारे' अशी पाटी आहे. आत अवजारं होतात का, हा आमच्या गल्लीचा विषय नाही. मालक गुंडूअण्णा फार सज्जन. गणपतीची मूर्ती त्यांची, मांडव त्यांचा, संक्रांतीला बायकांना वाटलेले स्टीलचे डबेही त्यांचेच. आमच्याकडे त्या डब्यात साखर असते.

तरी कुणीतरी निनावी अर्ज केला. (मी नाही. माझं अक्षर ओळखू येतं.) अर्ज आल्यावर हवा तपासणं प्रदूषण कार्यालयाला भाग पडलं, पण हवा तपासण्याचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. तेव्हा निरीक्षक साहेबांनी परदेशात रूढ असलेली पद्धत अवलंबली : मधमाश्या. माशी फुलोफुली हिंडते, अंगावरच्या लवेला हवेतली धूळ चिकटते, ती पेटीत येते. माशी तपासली की मुलूख तपासला. शिवाय माशीला भत्ता लागत नाही आणि ती रजेवर जात नाही.

पेटी अक्काताईंच्या गच्चीवर बसली. तिच्यावर नियमाप्रमाणे कन्नड पाटी लागली. माश्यांनी आक्षेप घेतला नाही.

काही दिवसांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला, कन्नडमध्ये. तो मराठीत आणायला टिळकवाडीचे निवृत्त शिक्षक रघुवीर मास्तर नेमले गेले. मास्तरांची बायको गोकाकची, त्यामुळे त्यांचं कन्नड घरगुती होतं. अर्जाच्या चौकशीला नेमलेल्या गल्लीच्या समितीपुढे त्यांनी खड्या आवाजात वाचलं, "मधमाश्यांच्या शरीरात मोठ्या प्रमाणावर शिसे व माहेर आढळून आले."



आता, कन्नडात तवर म्हणजे कथील आणि तवरु म्हणजे माहेर. एका उकाराचा खेळ. मास्तरांनी दुसरा शब्द जन्मभर ऐकलेला, बहुतेक वेळा धमकी म्हणून. पहिल्याशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. ही चूक समितीतल्या एकूण एक माणसाच्या लक्षात आली, कारण कन्नड कुणाला येत नाही? पण कथील म्हटलं असतं, तर ते कोण वितळवतो हे विचारावं लागलं असतं. माहेर हा निरुपद्रवी धातू होता.

"म्हंजे शिसं माहेरास्नं आलं," गुंडूअण्णा म्हणाले. ते समितीचे अध्यक्ष होते.

"माश्या कुठनं आणल्याल्या?" साहेबांनी विचारलं.

"कागलकडनं," पेटी घेऊन आलेला त्यांचाच शिपाई म्हणाला.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कागल सीमेपलीकडे. प्रदूषण परराज्यातलं निघालं, आणि परराज्याविरुद्ध आमच्याकडे कुणीही केव्हाही बोलू शकतो. सीमेपलीकडच्या कार्यालयाला कडक पत्र गेलं. उत्तरही तितकंच कडक आलं : 'सदर माश्या पाठवताना त्यांच्या अंगावर कोणताही धातू घातलेला नव्हता. दिल्या घरी अंगावर काय चढले, याची जबाबदारी सासरची आहे.'

यावर समितीत वाद झाला. कुणी म्हणालं मानपान राहिला असेल. कुणी म्हणालं राणीमाशीचा जबाब घ्या. शेवटी साहेबांनी आदेश काढला की माश्यांचं मूळ गाव निश्चित होईपर्यंत त्यांनी कार्यक्षेत्र सोडू नये. पेटीच्या तोंडाला जाळी ठोकली गेली.

"आवो, त्या खातील काय?" अक्काताईंनी विचारलं.

"आदेशात खाण्यास मनाई नाही," साहेब म्हणाले.

आठवडाभरात पेटी गप्प झाली. अहवालात 'माश्यांकडून सहकार्य मिळाले नाही' अशी नोंद झाली आणि गणपती मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा ठरली. हार गुंडूअण्णांचा. सारी गल्ली जमली. स्वरूपाही आईच्या आधाराने येऊन खुर्चीत बसली होती. ओठ पांढरे, एक हात पोटावर.

गुंडूअण्णा गहिवरून म्हणाले, "बिचाऱ्या परक्या मुलखात आल्या. आपण त्यास्नी माहेरची माया दिली."

टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत, हे नंतर लक्षात आलं. तेवढ्यात दिवेलागण झाली. म्हणजे वास आला. स्वरूपाला उमासा आला, तिनं पदर तोंडाला लावला. सवयीने दोघं-तिघं खिडक्यांकडे उठले. त्यांत मीही होते.

"लावू नगासा!"

यल्लव्वा उभी होती. परसूने तिचा पदर ओढला. "गप बस गं. काम जाईल माझं."

"जाऊ दे." तिने पदर सोडवून घेतला. "साहेब, मास्तर चुकल्यात म्हणून मागनं हसत हुता न्हवं सगळी? मास्तर चुकल्याले न्हाईत. शिसं माहेरातच हाय. माझ्या लेकीच्या रगतात हाय, पोटातल्या जिवात गेलंया का काय, द्येव जाणे. बाळंतपणाला लेक माहेरी आणत्यात. उद्या सकाळच्या गाडीनं मी तिला सासरी घालवायला निघालीया. गुंडूअण्णा तितं मागं जुन्या बॅटऱ्या वितळवतोय. माझा दाल्ला भट्टीवर हाय. डॉक्टरीणबाईला मी 'न्हाय' म्हणून सांगितलं. आन् तुम्ही?"

गुंडूअण्णा पेटीवरचा हार सारखा करू लागले.

"ह्ये ठावं करून घ्यायला माशी कशाला पायजे हुती?" ती म्हणाली. "ठावं नव्हतं, तर रोज खिडकी कशापायी लावत हुतासा?"

माझा हात अजून कडीवर होता.