चौथ्या खुर्चीची मोहीम

विदित व्हावे की, ही हकीकत जैसी घडली तैसी लिहिली आहे. पदरचे तिखटमीठ घातलेले नाही, आणि कोठे घातले असल्यास ते राणीसरकारांनी चाखून पसंत केले आहे. वाचणाराने भरल्या पोटी वाचावे. उपाशी वाचून घेरी आल्यास त्याचा जिम्मा बखरनविसाकडे नाही.

मोहिमेचे कारण ऐसे जाहले. सारथीसाहेब म्हणजे शाळेच्या बसचे चालक, वय बावन्न, कागदोपत्री कुटुंबप्रमुख. त्यांचे घरी जेवणाचे मेज एक, खुर्च्या चार आणि माणसेही चारच. खुद्द सारथीसाहेब, त्यांच्या मातोश्री, ज्यांस घरात राजमातेचा मान होता आणि दर दोन घटकांस भूक लागत होती, कन्या, जी कॉलेजात शिके आणि अष्टौप्रहर फोनात पाहे, सबब हेरखाते तिजकडे, आणि पत्नी, म्हणजे राणीसरकार, ज्या शहरातील थोरल्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरावर बावीस वर्षे हुकमत चालवीत होत्या. तेथून दुपारी तीनशे ताटे रवाना होत, कोणते बिनमिठाचे, कोणते बिनसाखरेचे, कोणते नळीतून उतरेल ऐसे पातळ, आणि एकाचे ताट दुसऱ्यास गेले ऐसे कधी घडले नाही.

एके दिवशी खुर्च्या कुरकुरतात म्हणून सुतार बोलाविला. त्याने एकेक खुर्ची उलटी करून तीन खुर्च्यांचे सांधे ठोकले, मग चौथी हलवून पाहिली, ती हलेना, आणि तो सहज बोलून गेला, "ही कोणी वापरत नाही वाटतं? अगदी नवीकोरी आहे."

सारथीसाहेब पाहतात तो चौथ्या खुर्चीचे तख्त इस्त्रीच्या कपड्यांनी बळकाविलेले, आणि राणीसरकार ओट्यापाशी उभ्या राहून पातेल्यातला भात चमच्याने खात आहेत, एक डोळा उतू जाणाऱ्या दुधावर. मग त्यांनी आठवून पाहिले की राणीसरकार घरी बसून केव्हा जेवल्या, आणि पुष्कळ डोके खाजविले, तरी एकही दिवस आठवेना. ज्या पुरुषाचा एकोणीस वर्षांचा रिवाज की, शेवटचे पोर बूड टेकवीपर्यंत गियर टाकायचा नाही आणि रोज दोन वेळ "बसले का सगळे?" ऐसे पुकारायचे, तोच पुरुष घरी मात्र एक माणूस उभे असता खुशाल पहिला घास घेत होता. साहेब बहुत शरमिंदे जाहले. त्या दिवशी त्यांस अन्न गोड लागेना, तरी भात दोनदा घेतला.

मग मसलत होऊन हुकूम सुटला तो ऐसा: चार दिवसांची रजा काढावी, समुद्रकाठच्या रस्त्याने कूच करावे, आणि राणीसरकारांस एक तरी जेवण बसून, गरम आणि दुसऱ्याच्या हातचे घडवावे. तिन्ही शर्ती एकसमयी पुऱ्या जाहल्या तरच फत्ते, एरवी शिकस्त. राणीसरकारांस हे कळविले नाही. त्यांस इतकेच सांगितले की हवापालट आहे, आणि त्यांनी विचारिले, "शेगडी घेऊ का?"

पहिल्या दिवशी हेरखात्याने खबर आणिली की, पुढे पाण्याच्या कडेस काचेचा महाल आहे आणि त्यास पाचांपैकी पावणेपाच तारे आहेत. फौज दाखल जाहली. समुद्र फार सुंदर होता आणि मासा तितकाच थंड होता. तेव्हा कन्येने तारे देणारांचे मजकूर वाचून पाहिले, तो एकूण एक तारा सूर्यास्तास दिलेला निघाला. इतक्यात राणीसरकारांनी नाक वर करून वास घेतला आणि "तेल जुनं आहे, नुसतं बघून येते" म्हणून उठल्या, त्या मुदपाकखान्यात शिरल्या, कढई ओतविली, आचाऱ्यास चार गोष्टी ऐकविल्या, आणि तेथेच उभ्याने माशाचा एक तुकडा खाऊन परत आल्या. ऐसी पहिली शिकस्त जाहली.

दुसऱ्या दिवशी सारथीसाहेबांनी हेरखाते बडतर्फ केले आणि सूत्रे आपले हाती घेतली. त्यांचे म्हणणे, जेथे ट्रक उभे राहतात तेथील जेवण उत्तम, ही गोष्ट चाकावर जन्म काढणारासच कळते, फोनास काय कळणार. ऐसे बोलून त्यांनी सत्तावीस बरी ठिकाणे मागे टाकिली. राजमाता प्रत्येक ठिकाणी मान वळवून पाहत आणि उसासा टाकीत. शेवटी एका वळणापुढे वीस ट्रक एका रांगेत उभे दिसले. साहेबांनी विजयाचा हॉर्न वाजविला, गाडी लाविली आणि छाती काढून आत गेले, तो आत ट्रक तोलण्याचा वजनकाटा होता. सर्वांचे वजन फुकट जाहले. राजमातेचे वजन घरच्यापेक्षा दोन किलो कमी भरले, आणि त्याचा दोष त्यांनी चिरंजीवांवर ठेविला. त्या दिवशी फौजेने बिस्किटांवर गुजराण केली.

तिसऱ्या दिवशी राजमातेने हुकूम केला की पुरे जाहले, आता मी पाहते. त्यांची रीत निराळी. त्या पाटी वाचीत नसत, तारे मोजीत नसत. जेवून बाहेर पडणाराचा पट्टा पाहत. एक गृहस्थ पायरी उतरता उतरता पट्ट्याचे एक भोक ढिले करताना दिसले, तशी राजमाता गरजल्या, "अरे, थांबव! हेच!" मग सर्वजण आत बसले. राणीसरकार हात धुवायला गेल्या. ताटे येण्यास पाऊण तास लागला. पण आली ती ऐसी आली की तिघे माना खाली घालून जेवू लागले आणि चौथे माणूस अद्याप परतले नाही ही गोष्ट तिघांच्याही ध्यानात राहिली नाही. राजमाता बोटे चाटून म्हणाल्या, "सूनबाईच्या हातचं खाऊन खाऊन कंटाळा आला होता बाई. याला म्हणतात जेवण!" कन्येने पाचच्या पाच तारे देऊन टाकिले.

तोच आतील दार उघडले आणि कमरेस फडके खोचून, घामाने निथळत राणीसरकार बाहेर आल्या. हकीकत ऐसी की आचाऱ्याचा हात भाजला होता आणि मागाहून सहलीची एक बस येऊन चाळीस वृद्ध ताटकळले होते. राजमातेच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

"तू जेवलीस?" साहेबांनी विचारिले.

"चाखता चाखता झालं माझं."

तेव्हा साहेबांचा तोल गेला. ते भर वाटेवर, गाडीपाशी, मोठ्याने बोलिले की तीन दिवस वणवण करतो आहे ती कोणासाठी, तुला एक जेवण धड बसून जेवता येत नाही काय, आणि ऐसे म्हणून सुताराची गोष्ट, खुर्चीची गोष्ट, मोहिमेचे गुपित सर्व ओकून टाकिले. राणीसरकारांनी सर्व ऐकिले. मग शांतपणे म्हणाल्या, "मला बसायला आवडत नाही असं नाही हो. बसले की कोणीतरी हाक मारतं. मग पुन्हा उठण्यापेक्षा उभंच बरं."

साहेब गाडीत बसले आणि बराच वेळ चावी फिरविली नाही. मीठ कोठे, लोणचे कोठे, पाणी आण, दार वाजले बघ: संसारातल्या साऱ्या हाका त्यांनी मनात आठवून पाहिल्या आणि निम्म्याहून अधिक त्यांच्याच आवाजात निघाल्या. चांगले जेवण शोधता शोधता आपण भलत्याच मुलखात फिरलो, हे तेव्हा त्यांस उमगले, आणि त्यांस रडू आले. ते त्यांनी आरशात मागची वाहने पाहण्याच्या मिषाने आवरले.

चौथा दिवस परतीचा. कोणी ठिकाण शोधीत नव्हते. भर दुपारी राजमातेस लघुशंकेची तातडी जाहली म्हणून गाडी एका वाळूच्या बोळात वळविली. बोळाच्या शेवटी पत्र्याची शेड, एक फळी, दोन स्टुले, एक चूल, आणि एक वयस्क बाई, जिला येणारे जाणारे मावशी म्हणत. होड्यांवरची गिऱ्हाइके जेवून गेली होती आणि मावशी उभ्या उभ्या तव्यावरचे खरवडून खात होती. राणीसरकारांनी ते पाहिले. मावशीने राणीसरकारांच्या मनगटावरचा जुना भाजल्याचा डाग पाहिला.

"कुठल्या किचनला?" मावशीने विचारले.

"हॉस्पिटलच्या."

"भात आहे, मासे आहेत. तुम्हा सगळ्यांना पुरेल. पण स्टुलं दोनच."

येथे सारथीसाहेबांनी जो पराक्रम केला तो आजवर त्यांच्या कुळात कोणी केला नव्हता. ते पुढे सरले आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही बसा. आणि तू पण बस. वाढायचं मी बघतो."

"वाढता येतं का?" मावशी म्हणाली.

"नाही."

"मग चटका बसेल. बसू दे." ऐसे म्हणून मावशीने उलथने त्यांच्या हवाली केले आणि स्टुलावर बसली, आणि तिच्यासमोर राणीसरकार बसल्या.

मग रण माजले. कन्येने तवा धरिला, साहेबांनी मासा उलटविला, त्याचे तीन तुकडे जाहले आणि तिसरा चुलीत गेला. झाकण सापडेना, तेव्हा राणीसरकार अर्ध्या उठल्या. साहेबांनी उलथन्यानेच खाली बसण्याची खूण केली. इतक्यात मागून राजमातेची हाक आली, "सूनबाई, जरा पाणी..." आणि त्या पुन्हा उठू लागल्या, तो साहेब कडाडले, "आई, पाणी मी देतो!" त्यांनी ते इतक्या त्वरेने दिले की निम्मे राजमातेच्या पदरावर गेले, आणि राजमातेने प्रथमच काही न बोलता उरलेले निम्मे प्याले. तिघेजण वाळूत उभे राहून जेवले. चटके मोजून चार बसले, पैकी तीन साहेबांस.

राणीसरकारांनी गरम भाताचा पहिला घास घेतला, रस्सा चाखला आणि भुवई चढविली. "मीठ जास्त आहे."

साहेबांनी मिठाचा डबा पाठीमागे लपविला.

"जास्त नाही बाई," मावशी जेवता जेवता म्हणाली. "आहे, इतकंच. तुमच्या हॉस्पिटलात नसतं, म्हणून वाटतं."

राणीसरकारांनी आणखी एक घास घेतला, मग आणखी एक. बावीस वर्षांत आपली चव दुसऱ्या कोणाच्या चवीपुढे त्यांनी प्रथमच खाली ठेविली. आणि थोड्या वेळाने, मान वर न करता, जागेवरून न हलता, त्यांनी ताट पुढे केले आणि म्हणाल्या, "अहो, भात."

साहेबांनी भात वाढला. वाढण्याची सवय नव्हती, सबब चार शिते वाळूत पडली.

मोहिमेनंतर आठ महिन्यांनी सुतार पुन्हा आला आणि म्हणाला की आता चारही खुर्च्या सारख्याच ढिल्या आहेत. साहेबांनी हुकूम केला की तीन घट्ट कराव्या, चौथीस हात लावू नये. सुताराने कारण विचारिले. साहेब ओट्यापाशी पाठमोरे उभे राहून आमटी ढवळीत होते, ती किंचित लागली होती. ते म्हणाले, "ती खुर्ची कुरकुरली की कळतं, ही बसली."

येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती येथे दर्ज केली असे.