लेखी क्षमा

रविवारी सकाळी साडेदहा वाजता, चर्चमधल्या तिसऱ्या बाकावर बसून, हेडक्लार्कसाहेबांनी जगाला क्षमा करायचं ठरवलं. जगाकडून तसा अर्ज आलेला नव्हता.

त्या दिवशी पाळकांचा उपदेश क्षमेवर होता. नम्रतेवरचा उपदेश साहेबांनी मागच्याच महिन्यात अमलात आणला होता (आपण किती नम्र झालो आहोत, हे पंधरा दिवस भेटेल त्याला सांगत होते). सहनशीलतेचा प्रयोगही घरात होऊन गेला होता. त्यात सहन बायकोने केलं. क्षमेला मात्र समोर अपराधी लागतो, आणि निवृत्त माणसाकडे दुसरं काही उरलं नसलं तरी अपराध्यांचा साठा भरपूर असतो.

सुरुवात त्यांनी कोपऱ्यावरच्या शिंप्यापासून केली.

"सहा वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या या कोटाची एक बाही आखूड शिवलीत. मी तुम्हाला क्षमा केली आहे."

शिंप्याने चष्म्यावरून पाहिलं, टेप लावली आणि म्हणाला, "बाही बरोबर आहे. तुमचा एक खांदा पडलाय. खुर्चीत वाकडं बसून होतं तसं."

साहेबांनी त्याला याबद्दलही क्षमा केली, पण घरी पोचल्यावर.

खरा अपराधी वरच्या मजल्यावर राहत होता. दातांचे डॉक्टर. त्यांच्या बाथरूमचं पाणी गेले आठ महिने साहेबांच्या मागच्या खोलीत, नेमकं पलंगावर, ठिबकत होतं. दिवसभर लोकांच्या दाढांतली भोकं बुजवणाऱ्या या गृहस्थाला घरातलं एक भोक बुजवायला सवड नव्हती. पण साहेबांच्या पत्नीने, म्हणजे बाईंनी, पिच्छा सोडला नव्हता. जिन्यात गाठून, दवाखान्यात भर पेशंटांसमोर चौकशी करून आणि ओली गादी डॉक्टरांच्या दाराबाहेर वाळत टाकून त्यांनी डॉक्टरांना इतकं शरमिंदं केलं होतं, की मंगळवारी प्लंबर येणार हे एकदाचं ठरलं होतं. येत्या रविवारी संध्याकाळी मुलगी दोन महिन्यांचं बाळ घेऊन महिनाभर राहायला येणार होती, आणि तिला द्यायला खोली तेवढी एकच होती.

सोमवारी संध्याकाळी साहेब इस्त्रीचा सदरा घालून वर गेले.

"डॉक्टर, त्या गळतीबद्दल मी तुम्हाला मनापासून क्षमा केली आहे."

डॉक्टर दारातच थबकले. "म्हणजे, राग नाही तुमचा?"

"मुळीच नाही."

"आणि वहिनींचा?"

"आम्ही दोघं काही वेगळी नाही." (हे वाक्य साहेब नेहमी बायको जवळपास नसताना म्हणत.)

डॉक्टरांचे डोळे पाणावले. चहा आला, बिस्किटं आली. दुसरी बशी संपत आली तसे डॉक्टर हळूच म्हणाले, "एवढं मोठं मन हल्ली बघायला मिळत नाही हो. चार ओळी लिहून द्याल? जपून ठेवीन म्हणतो."

छत्तीस वर्षं मसुदे लिहिलेल्या माणसाला 'लिहून द्या' म्हणणं म्हणजे सर्कशीतल्या म्हाताऱ्या घोड्याला बँड ऐकवणं. साहेबांनी पेन काढलं. 'विषय : छतातील गळतीस क्षमा करणेबाबत. उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, सदर गळतीबाबत खाली सही करणार व त्यांचे कुटुंबीय यांची कोणतीही तक्रार शिल्लक नाही व यापुढेही राहणार नाही.' खाली सही, तारीख. 'यापुढेही' हा शब्द त्यांच्याकडे कोणी मागितला नव्हता. त्याच्याशिवाय वाक्याला वजन येत नव्हतं, इतकंच.

मंगळवारी प्लंबर आला नाही. अकरा वाजता बाई वर गेल्या. डॉक्टरांनी त्यांना दारातच पत्र वाचून दाखवलं, अगदी आवाज चढवून-उतरवून. बाई खाली आल्या.

"सही तुमचीच ना?"

"अगं, क्षमा म्हणजे काय, की आपण..."

"'यापुढेही' कोणी घालायला सांगितलं होतं?"

"वाक्य अपुरं वाटत होतं."

"मग बाळाला त्या वाक्याखालीच झोपवू. छताखाली तर सोय राहिली नाही."

बुधवारी साहेबांनी क्षमा मागे घेण्याचं शुद्धिपत्रक तयार केलं आणि ते खिशात घालून वर गेले. दिवाणखान्यात पाळक चहा पीत बसले होते. त्यांच्या हातात साहेबांचं पत्र होतं.

"या, या. तीस वर्षांच्या सेवेत असं पत्र पाहिलं नाही मी," पाळक म्हणाले. "येत्या रविवारी सगळ्यांना वाचून दाखवणार आहे. तुम्ही कशाला आला होतात?"

साहेबांचा हात खिशाकडे गेला आणि तिथून रुमाल घेऊन बाहेर आला. "सहज. सगळे बरे आहेत ना, विचारावं म्हटलं."

गुरुवारी बाईंनी मामला हातात घेतला. त्यांचा मसुद्यांवर विश्वास नव्हता. वरच्या बाथरूमला जाणारा पाइप त्यांच्याच न्हाणीतून वर जात होता, आणि त्याला पाणी बंद करायची एक चावी होती. सकाळी वर आंघोळीची बादली वाजल्यावर बाईंनी पाना लावला, चावी फिरवली आणि निवांत भाजी निवडायला बसल्या.

दहा मिनिटांत डॉक्टर खाली आले. अंगाला टॉवेल, केसांत साबण.

"वहिनी, आमचं पाणी गेलंय. तुमच्याकडे आहे का?"

"आहे की. तुमच्याकडूनच येतं. पलंगावर."

डॉक्टरांना अर्थ लागायला थोडा वेळ लागला. एक डोळा साबणाने मिटलेला होता. "चावी तुम्ही बंद केलीत?"

"केली. प्लंबर आला की उघडते."

"पण साहेबांनी तर क्षमा केली आहे. लेखी आहे माझ्याकडे."

"मग पाणीही त्यांनाच मागा. आतच बसलेत. मन फार मोठं आहे त्यांचं."

साहेबांनी आत वर्तमानपत्र इतकं उंच धरलं होतं, की त्यांची फक्त बोटं दिसत होती.

प्लंबर तासाभरात आला. शुक्रवारी संध्याकाळी छत कोरडं पडलं.

रविवारी पाळकांनी पत्र वाचून दाखवलं. खऱ्या क्षमेने दगडालाही पाझर फुटतो, असं ते म्हणाले; कोणीही तगादा न लावता आपल्या डॉक्टरबंधूंनी अख्खं बाथरूम उकरून काढलं, हा त्या क्षमेचाच प्रताप. डॉक्टरांनी नम्रपणे मान खाली घातली. ते पाहून साहेबांनी आणखी खाली घातली. उपासना संपल्यावर लोक रांगेने हात मिळवायला आले, आणि साहेबांनी कोणाचाही गैरसमज दूर केला नाही.

"वहिनी दिसल्या नाहीत?" पाळकांनी विचारलं. "त्यांनी ऐकायला हवं होतं हे."

"तिला या गोष्टींची फारशी ओढ नाही," साहेब उसासा टाकून म्हणाले.

फाटकाशी डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेतलं. "घरी सांगा, त्या साबणाच्या प्रकाराबद्दल मी वहिनींना क्षमा केली आहे."

साहेब तरंगतच घरी आले. मागच्या खोलीत बाई शिडीच्या वरच्या पायरीवर उभ्या राहून छतावरच्या डागाला पांढरा रंग देत होत्या. मुलीची गाडी सहाला पोचणार होती.

"अगं, डॉक्टरांनी तुला क्षमा केली आहे," साहेब दारातून म्हणाले.

बाईंनी ब्रश डब्यात बुडवला. "शिडी धरा."

साहेबांनी धरली. "आणि पाळकसाहेब तर सगळ्यांसमोर म्हणाले, की माझ्यासारखा..."

"नुसती धरा," बाई म्हणाल्या. "तुम्ही बोललात की हलते."