मोठे काका आग होतात

"मी आग आहे," थोरल्याने जाहीर केलं आणि लाल चादर खांद्यावर ओढून तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "मला ओलांडून कोणी आत जायचं नाही."

"अहो भाऊजी, पण मी गॅसवर दूध ठेवलंय," धाकट्याची बायको म्हणाली.

"आग लागल्यावर दुधाकडे बघायचं नसतं. पहिल्याच तासाला शिकवलं आम्हाला."

थोरला ऑफिसातर्फे आगीपासून बचावाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आला होता. त्यात त्याला लख्ख दिसलं, की धाकट्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, आई चौऱ्याहत्तरची आणि तिचे गुडघे कामातून गेलेले. घर रिकामं व्हायला तीन मिनिटांच्या वर वेळ लागला तर आईला आजच आपल्या तळमजल्यावर न्यायचं, असं ठरवूनच तो आला होता. येताच त्याने तिची बॅगही भरून ठेवली होती.

आई खुर्चीत बसून त्या बॅगेकडे बघत होती. थोरल्याचं घर छान होतं, थोरली सूनही गुणाची. पण दोघं सकाळी बाहेर पडली की बोलायला उरायचा एक फ्रिज, आणि दुरुस्तीनंतर तोही गप्प झाला होता.

पहिला सराव फसला. थोरला "आग" म्हणताच धाकटा, त्याची बायको आणि मुलगी तिघंही आजीला उचलायला धावले. नवरा-बायकोची डोकी आपटली.

"अरे, वाट सोडलीत तर उठेन ना मी," आई म्हणाली.

चार मिनिटं दहा सेकंद. थोरल्याने बॅगेला हात घातला.

"दादा, एकदाच अजून," धाकटा काकुळतीला आला. "नीट समजावून सांग की."

मग थोरल्याने कामं वाटून दिली. आईने फक्त चालायचं. नातीने शेजाऱ्यांची दारं वाजवायची. धाकट्याने सगळ्यांच्या मागून निघून दार ओढून घ्यायचं, म्हणजे आग पसरत नाही. इमारतीखाली थोरल्याने आधीच कागद चिकटवला होता : 'सराव चालू आहे. आरडाओरड ऐकू आल्यास घाबरू नये.'

या वेळी सगळं तेल घातलेल्या यंत्रासारखं सुरळीत झालं. धापा टाकत तिघं फाटकाशी पोचली, तर आई तिथे बाकावर बसलेली.

"आजी, तू कधी आलीस?"

"तुम्ही चपला शोधत होतात तेव्हा."

"दादा, किती झाली?" धाकट्याने वर बघून विचारलं.

तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत आग दिसली. "आधी दार उघड," आग म्हणाली.

धाकट्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तो कुलपं बनवायचा. घराच्या दाराला बाहेरून त्याच्याच हातची चार कुलपं लटकत असत, दाबली की लागणारी. वीस वर्षांत बंद दार बघून त्याचा हात कधी मोकळा परतला नव्हता; आताही तो चारही दाबूनच खाली आला होता. एरवी आत खिळ्याला असणारा चाव्यांचा जुडगा काल गावाच्या दुसऱ्या टोकाला दुकानातच राहिला होता. आणि किल्लीशिवाय ही कुलपं उघडणारा अजून जन्मायचाय, हे तो गिऱ्हाइकांना दुकानात आणि घरच्यांना जेवताना सांगत आला होता.

बायकोच्या डोक्यातली पिन घेऊन तो वर पळाला.

"दूध उतू गेलं," वरून थोरला ओरडला. "पातेलं जळतंय. धूर झालाय."

जमलेल्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. "किती हुबेहूब करतायत," एक बाई म्हणाल्या.

"मोठे काका, मस्त," नात म्हणाली.

"अरे, गॅस बंद कर," आई खालून म्हणाली.

"कुठलं बटण?"

"दोनच आहेत रे."

थोरला आत गेला आणि खोकत परत आला. "फिरवलं. जाळ मोठा झाला."

आई उठली. कमरेच्या बटव्यावर हात ठेवून परत बसली. खिडकीतून काळा लोट निघाला तशी पुन्हा उठली आणि जिना चढू लागली. सून तिला आधार द्यायला मागे धावली, पण दुसऱ्या मजल्यावर तिलाच कठडा धरावा लागला.

धाकटा पहिल्याच कुलपाशी घामाघूम झाला होता. आपलं काम इतकं चोख असल्याचं त्याला प्रथमच वाईट वाटत होतं.

"सरक," म्हणत आईने बटव्यातून चार चाव्या काढल्या. टक, टक, टक, टक.

आग खोकत बाहेर आली. सून नाकाला ओढणी लावून आत गेली आणि तिने गॅस बंद केला. मग सगळे आईकडे बघायला लागले.

"या चाव्या कोणी केल्या?" धाकट्याला धुराचं काही पडलं नव्हतं.

"कोपऱ्यावरच्या चावीवाल्याने."

"त्याने? माझ्या कुलपांच्या?"

"तू अंघोळीला गेलास तेव्हा जुडगा घेऊन गेले. तू अंग पुसून येईस्तोवर परत टांगला होता."

धाकटा पायरीवर बसला.

"पण तुला कशाला लागतात चाव्या?" थोरल्याने विचारलं.

"दुपारी तळमजल्यावर शिंपीणबाईंकडे पत्ते असतात आमचे. दार काय उघडं टाकून जाऊ?"

"रोज? मग गुडघे?"

"रविवारी दुखतात. तुम्ही सगळे घरी असता ना."

थोरल्याने चादरीने तोंड पुसलं. "राहा बाई इथेच," तो पुटपुटला. मग म्हणाला, "चौथा भिडू कोण असतो?"

"तोच, चावीवाला."

"त्याला काढ," धाकटा उसळला. "मी दुकान बंद ठेवून येतो."

"मला शनिवारी सुट्टी असते," थोरला घाईने म्हणाला.

आईने आधी काजळी लागलेल्या थोरल्याकडे पाहिलं, मग हातात पिन धरलेल्या धाकट्याकडे.

"तो बरा आहे," ती म्हणाली. "डाव संपला की मुकाट्याने घरी जातो. कोणाला कोंडून जात नाही की कोणाला उचलून नेत नाही."