भालूकाकांची रेघ आणि पट्टा

रविवार, २७ एप्रिल. सकाळच्या सभेचं इतिवृत्त लिहायचं होतं. मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. त्याच दिवशी इतिवृत्त लिहिलं नाही, तर आपण सभेत काय बोललो ते लोक सोयीप्रमाणे विसरतात, हा माझा अनुभव. तारीख घातली, उपस्थिती घातली आणि पहिल्याच ठरावाशी भालूकाकांपाशी अडकले. हा माणूस इतिवृत्तात मावत नाही. म्हणून त्यांच्याबद्दल वेगळं लिहिते आहे.

भालूकाका रोज सकाळी सहा चाळीसला विहिरीशी बोलतात. निदान सगळी सोसायटी तसं समजत होती.

आमची इमारत उमेळे गावात, राऊतांच्या वाडीवर उभी आहे. केळी गेल्या, पानवेली गेल्या, विहीर तेवढी मागच्या बाजूला राहिली. वाडी ज्यांची होती ते भालचंद्र राऊत म्हणजे आमचे भालूकाका. विहिरीच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर राहतात. वय बहात्तर. एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत जन्म काढला. घरी ते आणि इंदूकाकू. काकू गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत, असं काका सांगतात.

तर सहा चाळीसला काका हाफ पँट आणि बनियनवर विहिरीपाशी येतात, कठड्यावर एक हात ठेवतात आणि खणखणीत आवाजात विचारतात, "काय गो, आज किती?" मग थोडा वेळ गप्प. मग एक दोरी खाली सोडतात. दोरीला हाता-हातावर गाठी आणि टोकाला उलटं बांधलेलं पितळी फुलपात्र. उलटं अशासाठी, की पाण्याला टेकलं की 'टप्प' असा आवाज येतो. तो आला की गाठी मोजायच्या, उरलेलं बोटांनी मोजायचं आणि इमारतीच्या दिशेने ओरडायचं, "आठ हात, सहा बोटं!" एवढ्यात चौथ्या मजल्यावर माझी झोप उडालेली असते.

आकडा तळहातावर लिहून काका वर जातात, वहीत उतरवतात आणि लॅपटॉपात घालतात. हे प्रकरण तीन वर्षांपूर्वी सुरू झालं. ग्रंथालयात ज्येष्ठांसाठी कसलासा वर्ग होता, तिथून काका एक सॉफ्टवेअर शिकून आले.

"नाव काय त्याचं?" मी विचारलं.

"आर."

"आर म्हणजे पुढे?"

"पुढे काही नाही, बाय. नुसतं आर."

या आरमध्ये आकडे घातले की पडद्यावर ठिपके येतात. मग एक अधिक चिन्ह टाकायचं आणि पुढे 'जिऑम स्मूद' एवढे दोन शब्द लिहायचे. काका ते आरतीतल्या ओळीसारखे म्हणतात. लगेच त्या ठिपक्यांमधून एक मऊ, वळणदार रेघ जाते आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना राखाडी पट्टा पसरतो. रेघ म्हणजे आपला अंदाज, आणि पट्टा म्हणजे तो अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो त्याची कबुली.

काकांचा सगळा जीव त्या पट्ट्यात. "रेघ कोणीही काढेल, बाय. पट्टा बघ, पट्टा! पट्टा नसलेली रेघ म्हणजे पुढाऱ्याचं भाषण." त्या आरमध्ये पट्टा बंद करायचीही सोय आहे म्हणे. ती कशाला दिली असेल, याचं कोडं त्यांना अजून सुटलेलं नाही.

मग पट्टा सगळीकडे शिरला. लग्नाला किती वाजता निघायचं विचारलं तर, "दहाला. पट्टा साडेनऊ ते अकरा." कोळणीला पापलेटाचा भाव विचारला, की पुढे, "पट्टा सांग!" तिने एकदा कोयता दाखवला. डॉक्टरांनी रक्तदाब बघून गोळी लिहून दिली, तेव्हा काका खुर्चीतून उठलेच. "एका ठिपक्यावर गोळी? डॉक्टर, निदान तीस ठिपके तरी घ्या!" डॉक्टरांनी त्यांना मशीनच विकत घ्यायला लावलं. आता रक्तदाबालाही पट्टा आहे.

दुसरं पालुपद म्हणजे "ठिपका खोडायचा नाही." एकदा दोरी कठड्यात अडकली आणि भर पावसाळ्यात पाणी भलतंच खोल गेल्याचा आकडा आला. मी म्हटलं, काढून टाका. काका माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी माणूस काढून टाका म्हणाले. "आला ना तो? मग राहील. बाजूला लिहू, दोरी अडकली होती."

गेल्या थंडीत तर कमाल झाली. सकाळी सात वाजता दारावर थापा. उघडलं, तर काका लॅपटॉप छातीशी धरून. तीन मजले चढून आले होते. "बाय, विहीर बदलली!"

मला वाटलं, कोणीतरी पडलं. धावत खाली निघाले, तर काकांनी पदर धरला. "तिकडे नाही, इकडे बघ!" आदल्या दिवशीची रेघ आणि आजची रेघ. आजची सगळी वळणंच वेगळी. एका दिवसात तीन वर्षांच्या विहिरीने स्वभाव बदलला होता. काका दोन दिवस जेवले नाहीत धड. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. त्या दिवशी हजारावा आकडा पडला होता. हजाराच्या आत असताना ते सॉफ्टवेअर एका पद्धतीने रेघ काढतं आणि हजार झाले की न विचारता दुसरी पद्धत धरतं. कुठली पद्धत हवी ते आपण होऊन लिहून द्यावं लागतं. काकांनी लिहून दिलं, रेघ जागेवर आली, आणि काकांनी अख्ख्या इमारतीत वेलची केळी वाटली. "विहीर तीच आहे!" प्रत्येक दारात सांगत होते. लोकांना विहीर तीच असल्याबद्दल केळी का मिळताहेत ते कळलं नाही, पण केळी चांगली होती.

आता सभेचं सांगते. विषय होता विहीर बुजवायचा. तिथे चार गाड्या मावतात. चेअरमन सावंतांची दुसरी गाडी रस्त्यावर उभी असते, माझी स्कूटर गटाराच्या कडेला. डासांचा त्रास आहे, पोरं कठड्यावर चढतात. मी बुजवायच्याच बाजूची होते, ते लपवत नाही. सावंतांना आधार हवा होता, म्हणून काकांच्या वहीतले ऑक्टोबर ते एप्रिलचे आकडे मीच उतरवून दिले. सावंतांनी त्यातून एक सरळ रेघ ओढली. डावीकडे वर, उजवीकडे खाली, घसरगुंडीसारखी.

खालच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, प्रोजेक्टरसाठी भिंतीला चादर लावली. सावंत म्हणाले, "बघा मंडळी, विहीर आटत चाललीय. आज ना उद्या कोरडीच होणार. मग ठेवायची कशाला?"

काका उठले. "सावंत, ही रेघ अशीच पुढे न्या. ऑगस्टपर्यंत."

सावंतांनी नेली.

"किती हात आलं?"

"चौदाच्या आसपास."

"विहीर अकरा हात खोल आहे. म्हणजे भर पावसात पाणी तळाच्या तीन हात खाली! तिथे कोण जाणार, तुम्ही?"

पार्किंग हसण्याने दणाणलं. मी खाली मान घातली. दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचेच आकडे दिले, तर पाणी खाली जाणार नाहीतर काय होणार? ती चूक माझी.

मग काकांनी तीन वर्षांचा आलेख चादरीवर टाकला. तीन उंट एकामागे एक चालल्यासारख्या तीन उंच लाटा आणि त्यांना धरून राखाडी पट्टा. काका चढत्या आवाजात सांगायला लागले, "ही रेघ सोसायटीसारखी असते. प्रत्येक जागी ती आजूबाजूच्या ठिपक्यांना विचारते. जवळच्या शेजाऱ्याचं जास्त ऐकते, लांबच्याचं कमी. फार थोड्यांना विचारलं, तर दारुड्यासारखी झोकांड्या खाते. सगळ्यांना विचारलं, तर सावंतांसारखी सरळ होते आणि काहीच सांगत नाही!"

सावंत भडकले. "ते राहू दे! अर्धे ठिपके तुमच्या पट्ट्याबाहेर आहेत. म्हणजे आलेखच चुकीचा!"

"पट्टा ठिपक्यांसाठी नसतोच, रेघेसाठी असतो!" काकांचा आवाज चिरकला. ते माझ्याकडे वळले. "बाय, तुझ्या नवऱ्याचा स्वभाव तुला पक्का माहीत आहे की नाही?"

"आहे."

"मग तो आज संध्याकाळी काय करेल, सांगता येईल?"

"अजिबात नाही."

"झालं! स्वभाव म्हणजे रेघ. तो पक्का माहीत, म्हणून पट्टा अरुंद. रोजचं वागणं म्हणजे ठिपके. ते कुठेही जातील!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "गेल्या मे महिन्यात कामणहून येणारा पाण्याचा टँकर दोन दिवस आला नाही, तेव्हा याच विहिरीने भांडी घासली आपली!" हात वर झाले. विहीर राहिली. वर जाळी बसवायची, असं ठरलं. काका घामाघूम, चेहरा असा की जणू त्यांनीच विहीर खणून काढली.

सावंतांची समजूत काढायला मी एक जोड सुचवली. मलाही त्याची गरज होतीच. "विहीर राहील, पण सकाळी सातच्या आत तिथे ओरडायचं नाही." एकमताने पास.

 दोन तास किल्ला लढवलेला माणूस खुर्चीत बसला आणि विहिरीची दोरी हातात गुंडाळत राहिला. मला वाटलं, घसा बसला असेल.

संध्याकाळी इतिवृत्तावर सही घ्यायला त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. इंदूकाकू खिडकीपाशी बसल्या होत्या. माझ्याकडे बघून छान हसल्या आणि म्हणाल्या, "माळीण का? फुलं ठेव तिथे." मी इथे बारा वर्षं राहते. त्यांनी मला दोनदा मोदक शिकवले आहेत.

काकांनी सही केली.  टेबलावर लॅपटॉप उघडा होता. सकाळचाच आलेख, पण त्यात दोन रेघा. एक निळी, एक तांबडी.

"ही दुसरी कसली?"

"तिची."

काकू या विहिरीवर नवी नवरी म्हणून आल्या. चाळीस वर्षं पाणी ओढलं. विहिरीत न बघता पाणी किती हातांवर आहे ते सांगायच्या. काकांनी मोजायला सुरुवात केली ती त्यांना खोटं पाडायला. रोज सकाळी खालून विचारायचं, "काय गो, आज किती?" त्या खिडकीतून आकडा सांगणार, मग काका दोरी सोडणार आणि खरा आकडा ओरडणार. दोन्ही आकडे लॅपटॉपात जायचे. पहिलं वर्षभर तांबडी रेघ निळीवर अशी बसली होती, की दोन रेघा आहेत हे कळत नव्हतं.

"घरात विचारलं तर म्हणते, कसली विहीर? विहिरीवरून हाक आली की मात्र सांगते. हल्ली दोन-दोन, तीन-तीन दिवस सांगत नाही." काकांनी पडद्यावर बोट ठेवलं. उजवीकडे तांबडे ठिपके विरळ होत गेले होते. एक ठिपका पार वर, एकटाच. बाजूला लिहिलं होतं, 'एप्रिलमध्ये म्हणाली, विहीर भरलीय, पोरांना सांभाळ.' खोडलेला नव्हता. आणि तांबड्या रेघेभोवतीचा पट्टा टोकाला इतका रुंद झाला होता, की आलेखाची कड ओलांडून गेला होता.

"ठिपके कमी झाले की पट्टा रुंदावतो," काका म्हणाले. "आणि टोकाला तर रुंदच असतो. पुढचे शेजारी अजून यायचे असतात ना. पण रेघ बघ, बाय. अजून विहिरीलाच धरून आहे."

तीन वर्षांत हा माणूस पहिल्यांदा मला रेघ बघ म्हणाला होता.

मी इतिवृत्त घडी करून पिशवीत टाकलं आणि घरी येऊन भाकऱ्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला खाली गेले. काका वेळेवर आले. कठड्यावर हात ठेवला, तोंड उघडलं, मला बघितलं आणि मिटलं. दोरी सोडायला लागले.

"थांबा," मी म्हटलं. मग पहिल्या मजल्याकडे तोंड करून, गावाकडे शेतातून हाक मारतात तशी मारली, "काय गो काकू, आज किती?"

कबुतरं उडाली. दुसऱ्या मजल्यावर सावंतांची खिडकी धाडकन उघडली. "सेक्रेटरी बाई! कालच ठराव झालाय ना?"

"झालाय. तक्रार लेखी द्या."

"कोणाकडे?"

"माझ्याकडे. आता जरा गप्प बसा, ऐकू येत नाही."

आम्ही तिघंही कान देऊन थांबलो. बराच वेळ. मग पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून, सावकाश, जरा चिडलेला आवाज आला. "नऊ. रोज काय विचारता?"

काकांनी दोरी सोडली. फुलपात्र टप्प वाजलं. त्यांनी गाठी मोजल्या, बोटं मोजली आणि माझ्याकडे बघितलं. मग आकडा तळहातावर लिहून हात माझ्यापुढे धरला.

"नऊ हात, दोन बोटं!" मी ओरडले.